खालच्या सप्तकातली माणसं

कॉलेजात बँड जमू लागला की गिटारवाले तिघे-चौघे सहज निघतात. गाणारे त्याहून जास्त असतात. ड्रम्सवर बसायला लहानपणी तबला शिकलेला एखादा मुलगा तयार होतो. शेवटी बेसची जागा उरते, आणि त्या गिटारवाल्यांपैकी जो सगळ्यात कमी हट्टी असतो त्याच्या गळ्यात चार जाड तारांचं, लांब दांड्याचं ते वाद्य येतं. पुढच्या पानांत ज्यांनी लिहिलं आहे, त्यांतल्या बहुतेकांची बेस गिटारशी ओळख अशीच झाली. कुणी पुण्यात फिरोदिया करंडकाच्या तालमींत सापडलं, कुणी वसईच्या चर्चमधल्या गायकवृंदात, कुणी कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमासाठी घाईघाईने गाणी बसवताना. आज त्यांच्यात बँकेत काम करणारे आहेत, शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, आणि दिवसभर संगणकासमोर बसणारे तर बरेच. बेसवर यांच्यापैकी कुणाचंही पोट नाही. तरी हातातलं वाद्य कुणी खाली ठेवलेलं नाही.

उरलेल्या जागी जाऊन बसणं थोरामोठ्यांनाही चुकलेलं नाही. १९६१ साली स्टुअर्ट सटक्लिफने चित्रकलेसाठी हॅम्बुर्गमध्येच राहायचं ठरवलं आणि बीटल्सना बेस वाजवायला माणूस उरला नाही. दुसरं कुणी पुढे येईना, म्हणून पॉल मॅकार्टनीने ते काम घेतलं आणि त्याच शहरात व्हायोलिनच्या आकाराचा एक हॉफ्नर बेस विकत घेतला. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत बेसवाला आलाच नाही, तेव्हा गिटार वाजवायला आलेल्या कॅरोल के यांच्या हाती बेस देण्यात आला. पुढे अमेरिकेतल्या असंख्य ध्वनिमुद्रणांत त्यांचा बेस वाजला. लॅरी ग्रॅहम आपल्या आईबरोबर सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लबांत वाजवत असे. ऑर्गन बिघडला म्हणून त्याने तात्पुरता भाड्याने बेस आणला. पुढे त्यांच्याकडे ड्रमर राहिला नाही, तेव्हा ती उणीव भरून काढायला तो अंगठ्याने तार ठोकू लागला आणि बोटाने ओढू लागला. आज जगभर ज्याला ‘स्लॅप’ म्हणतात ती पद्धत या अडचणीतून आली.

वाद्य हाती आलं ते दुसऱ्याच्या गरजेमुळे, पण ते हातात राहिलं ते स्वतःच्या इच्छेने. मागून न घेतलेल्या जागी माणूस वर्षानुवर्षं का रमतो, हा प्रश्न मनात धरून हे लेख मागवले. उत्तरं एकसारखी आली नाहीत. तरी सगळी वाचून झाल्यावर एक गोष्ट मला फार स्पष्ट दिसू लागली, आणि ती सांगण्यासाठीच ही प्रस्तावना थोडी लांबवतो आहे.

आधी वाद्याविषयी. १९३०च्या दशकात सिएटलमध्ये पॉल टुटमार्कने विजेवर चालणारा, आडवा धरायचा बेस बनवला होता, पण तो फार पसरला नाही. पसरला तो कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडरने १९५१ मध्ये बाजारात आणलेला प्रिसिजन बेस. त्याआधी हे काम माणसाहून उंच असा डबल बेस करत असे. तो वाहून न्यायला अवघड, ब्रास आणि ड्रम्सच्या गलक्यात ऐकू यायला त्याहून अवघड, आणि त्याच्या दांड्यावर फ्रेट नसल्याने सुरात वाजवायला बरीच वर्षं घालवावी लागत. फेंडरने दांड्यावर फ्रेट बसवले, तारांची लांबी ३४ इंच ठेवली आणि खाली पिकअप लावला. फ्रेटमुळे सूर अचूक लागतो म्हणून नाव प्रिसिजन. स्वतः फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती, पण वाजवणाऱ्यांचं गाऱ्हाणं तो कान देऊन ऐकत असे. गिटार येणाऱ्या कुणालाही थोड्या सवयीने बेस वाजवता यावा, ही सोय त्या फ्रेटमध्ये होती. म्हणजे हौशी माणसाला या वाद्याचं दार पहिल्याच दिवसापासून उघडं होतं.

चार तारांचे सूर खालून वर ई, ए, डी, जी. गिटारच्या खालच्या चार तारांचेच हे सूर, फक्त एक सप्तक खाली. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. आपल्या कानाला मधल्या पट्टीतले आवाज चटकन ऐकू येतात, खालचे तितके येत नाहीत. त्यामुळे बेस गिटारइतकाच मोठा वाटायचा असेल तर त्याला कितीतरी जास्त शक्तीचा अँप लागतो. हौशी बेसवाल्याच्या निम्म्या अडचणी या एका वाक्यात सामावलेल्या आहेत. अँप मोठा, म्हणून महाग. महाग, म्हणून बहुतेकांकडे नाही. मग कार्यक्रमात जे मिळेल त्यात वायर खुपसायची. छोट्या गिटार अँपमधून बेस वाजवून त्याचा स्पीकर फाटल्याची हकिगत या पुस्तकात एकापेक्षा जास्त जणांनी लिहिली आहे.

आणि घरी? ४१ कंपनांच्या सुराची लाट हवेत आठ मीटरहून लांब असते. आपल्या खोल्या दहा बाय बाराच्या. असा सूर खोलीत नीट मावत नाही. कोपऱ्यात तो घुमतो, खोलीच्या मध्यावर उभं राहिलं तर तोच सूर जवळजवळ नाहीसा होतो. नवशिक्याला वाटतं की आपला हात कमी-जास्त पडतो आहे. पुष्कळदा हात बरोबर असतो आणि घोळ भिंतींचा असतो. शिवाय हे खालचे सूर भिंत आणि स्लॅब सहज ओलांडतात. गाणं शेजारी जात नाही, बेस जातो. डोंबिवलीतल्या एका लेखकाच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी कधी आवाज चढवला नाही, पण दुपारी दोन ते चार बंद ठेवशील का, एवढं विचारलं. तो आजही त्या वेळात वाजवत नाही. त्या आजी आता नाहीत.

अँपशिवाय बेस वाजवला तर तो जवळजवळ ऐकूच येत नाही. लाकूड भरीव असतं, आवाज फुगायला पोकळी नसते. यावर हौशी लोकांनी एक युक्ती शोधली आहे, आणि एकमेकांना कधीही न भेटलेल्या तिघा-चौघांनी ती स्वतंत्रपणे लिहून पाठवली, याचा मला फार आनंद झाला. बेसच्या दांड्याचं टोक लाकडी कपाटाला टेकवायचं. तारेची थरथर दांड्यातून कपाटाच्या दारात उतरते आणि अख्खं कपाट बोलू लागतं. रात्री घरचे झोपल्यावर, आतले कपडे मागे सरकवून, कपाटाला गाल लावून सराव केलेली माणसं या पुस्तकात आहेत. हेडफोनचे छोटे अँप मिळू लागल्यावर ही गरज उरली नाही. तरी ज्यांनी असा सराव केला ते सांगतात की सूर कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो हे त्यांना हाडांतून कळलं. मला हे खरं वाटतं.

जवळच्या माणसांकडून एक वाक्य यांतल्या प्रत्येकाने ऐकलं आहे: तू वाजवतोस ते आम्हाला ऐकूच येत नाही. यात दुष्टावा नसतो. कार्यक्रमाचं चित्रण घरी फोनवर पाहिलं जातं, आणि फोनच्या इवल्या स्पीकरला ते खालचे सूर काढताच येत नाहीत. गंमत अशी की तरीही आपल्याला बेस अगदीच गायब झाल्यासारखा वाटत नाही. ४१ कंपनांच्या सुरासोबत ८२, १२३, १६४ अशी वरची कंपनंही तार देत असते. ती ऐकून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणजे फोनवर गाणं ऐकताना बेसची ओळ निम्मी ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार होते.

पण ‘ऐकू येत नाही’ यामागे दुसरंही कारण आहे, आणि ते आपल्या कानाच्या घडणीत आहे. आपण वाढलो ते सूर आणि लय यांच्यावर. गायकाची ओळ आणि तबल्याचा ठेका या दोन गोष्टी आपला कान आपोआप पकडतो. अनेक सूर एकाच वेळी उभे करून त्यांच्या बदलत्या रचनेवर गाणं चालवणं ही पाश्चात्त्य रीत आपल्याकडे सिनेमातून, चर्चमधून, बँडमधून आली. बेस या रचनेच्या तळाशी असतो. पुष्कळजण बेसला तानपुऱ्याच्या जागी बसवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. तानपुरा स्थिर राहतो, त्याच्या स्थिरपणावर गाणाऱ्याचा विश्वास असतो. बेस हलतो, आणि त्याच्या हलण्याने वरच्या सुरांचा अर्थ बदलतो. गिटारवाला सा, ग, प हे तीन सूर एकत्र छेडतो आहे असं समजा. बेसवाल्याने खाली सा धरला तर ते प्रसन्न, मोकळं मेजर ऐकू येतं. गिटारवाल्याने हात जराही न हलवता बेसवाला खाली मंद्र धैवतावर गेला, की त्याच तीन सुरांवर सावली येते आणि तो मायनर सेव्हन्थ होतो. श्रोत्याला वाटतं की गाणं उदास झालं. कुणी केलं ते त्याला कळत नाही. नाशिकच्या एका लेखिकेने हा प्रसंग लिहिला आहे: तालमीत चुकून एक सूर खाली गेला आणि गाणारी मैत्रीण ओळ मध्येच थांबवून तिच्याकडे पाहू लागली. त्या दिवसापासून आपण बेसवाल्या झालो, असं ती म्हणते. त्याआधी ती बँडमधली चौथी गिटारवाली होती.

आपल्याकडे हे वाद्य ज्यांनी रुजवलं त्यांच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्यांची नावं फार कमी घेतली जातात. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. तिथून शिकून निघालेले वादक मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझ बँडांत आणि पुढे चित्रपटांच्या स्टुडिओंत आले. हिंदी सिनेमाच्या संगीतात सुरांचे थर रचणारे कितीतरी संयोजक आणि वादक हेच. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ यांना जाणकार आजही मानाने आठवतात. पण ती गाणी आवडीने ऐकणाऱ्या हजारांमध्ये त्यांचं नाव ठाऊक असलेला एखादा सापडेल. तबकडीच्या पाकिटावर गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावं असत, वादकांची नसत. डेट्रॉइटच्या मोटाउनमध्येही हेच होतं. जेम्स जेमरसनने १९६०च्या दशकभर तिथल्या गाण्यांचा तळ बांधला, आणि जगभरचे तरुण ज्याच्या ओळी तबकडीवरून उतरवत होते त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मार्व्हिन गे यांच्या १९७१ मधल्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर वादकांची नावं छापली गेली, तेव्हा कुठे जेमरसन लोकांना नावाने कळला. तो १९८३ मध्ये वारला.

निवृत्त रेल्वेवाल्या काकांचा लेख या काळाशी जोडलेला आहे. गणेशोत्सवात गावोगाव ऑर्केस्ट्रा फिरत, तेव्हाच्या मंडळींतले ते. सिनेमातल्या गाण्याची बेसची ओळ त्यांना रेडिओवरून उतरवावी लागे. गाणं पुन्हा कधी लागेल याचा भरवसा नाही, त्यामुळे एका वेळी जेवढं पकडता येईल तेवढं पकडायचं, उरलेलं पुढच्या खेपेला. रेडिओचा स्पीकर लहान, म्हणून कान जाळीला चिकटवायचा. पुढे कीबोर्ड आले, कीबोर्डवाल्याचा डावा हात बेस वाजवू लागला आणि मानधनातला एक वाटा वाचला. ऑर्केस्ट्रातून बेसवाले कमी होत गेले. काकांनी हे कुठलाही राग न धरता लिहिलं आहे. तो कीबोर्डवाला त्यांचा मित्रच होता. पण डाव्या हाताला सूर दाबता येतो, सरकवता येत नाही, एवढं मात्र त्यांनी ठामपणे नोंदवलं आहे. गोव्यात तियात्राच्या वादकांमध्ये आणि लग्नाच्या बँडांत बेस गिटार अजून टिकून आहे. तिथल्या तरुण हौशी मुलांना म्हणूनच आजही समोर बसून शिकवणारा कुणीतरी वडीलधारा भेटतो. बाकीच्यांना तो भेटत नाही. ते एकेकटे शिकतात.

आता मतांकडे येतो. बेसवाल्यांची मतं पक्की असतात, आणि हौशी बेसवाल्यांची तर जास्तच. तारा सपाट गुंडाळीच्या की गोल गुंडाळीच्या? सपाट तारेचा आवाज गोल, आखूड, गाण्याच्या मागे राहणारा. गोल गुंडाळीची तार खणखणते, तिचा प्रत्येक सूर वेगळा उठून दिसतो. जेमरसन सपाट तारा वापरत असे आणि तुटल्याशिवाय बदलत नसे. ‘द हू’चा जॉन एंटव्हिसल गोल गुंडाळीच्या तारांसाठी तार बनवणाऱ्यांच्या मागे लागला. दोघेही बरोबर होते, कारण दोघांच्या मंडळींत मोकळी राहिलेली जागा वेगवेगळी होती. आपल्याकडे या वादाला पैशाचीही बाजू आहे. बेसच्या चार तारांचा संच गिटारच्या सहा तारांपेक्षा कितीतरी महाग पडतो. म्हणून जुन्या तारा पाण्यात उकळून पुन्हा लावायची रीत हौशी लोकांत सगळीकडे आहे. गुंडाळीत अडकलेला घाम आणि मळ निघतो, तार दोन-चार कार्यक्रम पुन्हा झळकते, मग पूर्वीसारखी होते. पुस्तकात या उकळण्यावर दोन मतं आहेत. मी दोन्ही ठेवली आहेत.

पिकने वाजवायचं की बोटांनी, हा दुसरा वाद. पिक म्हणजे गिटारवाल्याची जुनी सवय, खरा बेसवाला बोटं वापरतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. कॅरोल के आयुष्यभर पिकनेच वाजवत आल्या, हे त्यांना सांगितलं की वाद थोडा निवतो. जेमरसन उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरत असे. एका बोटावर त्याने जे केलं ते दहा बोटांनी जमलेलं नाही. तिसरा वाद चार तारा की पाच. पाचवी तार खालचा बी देते, साधारण ३१ कंपनांचा, आणि तो पेलणारे स्पीकर आपल्या सभागृहांत सहसा नसतात. चौथा, फ्रेट ठेवायचे की काढायचे. जॅको पास्टोरियसने फ्रेट काढलेल्या आपल्या बेसच्या खाचा भरल्या आणि लाकडावर होड्यांना लावतात ते इपॉक्सी चढवलं. त्याचा १९७६ चा पहिला अल्बम ऐकून जगभर कितीतरी जणांनी पक्कड हातात घेतली. आपल्या गायकीवर वाढलेल्या माणसाला फ्रेट नसलेल्या बेसची ओढ वाटणं साहजिक आहे, कारण त्यावर मींड घेता येते. पण मैफलीत सुराच्या जवळपास राहणं चालत नाही, आणि बेसचा सूर हलला तर सगळा बँड बेसूर वाटतो. यात मला सावध बाजू पटते. आधी फ्रेटवर कान तयार व्हावा.

हे सगळे वाद मी एकामागून एक वाचले, आणि वर ज्या गोष्टीचा उल्लेख केला ती इथे दिसली. तार कोणती, पिक की बोटं, आवाजात खर्ज किती आणि खणखण किती, सूर लांबवायचा की लगेच हाताने दाबून बंद करायचा: या प्रत्येक मतामागे एकच प्रश्न उभा आहे. चार माणसांत आपण किती ऐकू यावं? सपाट तारेचा आग्रह धरणाऱ्या माणसाला गाणाऱ्याच्या मागे राहायचं असतं. पाचव्या तारेचा आग्रह धरणाऱ्याला सगळ्यांच्या खाली पाय रोवायचे असतात. स्लॅप शिकणाऱ्याला एकदा तरी पुढे यायचं असतं, आणि त्यात काही वावगं नाही. सामानाविषयी बोलताना ही माणसं सोबत कशी करावी, याविषयी बोलत असतात. इतरांना सावरून घेताना आपणही उरायचं कसं, यावर इतका बारीक विचार करणारी माणसं मला इतर वादकांत फार भेटली नाहीत.

हौशी माणसाकडे हा विचार जास्त खोल का होतो, याचंही कारण आहे. स्टुडिओत वाजवणारा व्यावसायिक रोज नव्या माणसांबरोबर बसतो, काम चोख करतो आणि निघतो. हौशी माणूस त्याच चौघांबरोबर पंधरा-वीस वर्षं वाजवतो. ड्रमर घाई करतो हे त्याला ठाऊक असतं, आणि त्याला सांगितलं तर तो दोन आठवडे फोन घेणार नाही हेही. मग तो आपला सूर किंचित मागे ठेवून लय धरून ठेवतो, आणि ड्रमरला न कळत गाणं पुन्हा ठिकाणावर येतं. बेसवाल्याची अर्धी विद्या सूर बंद करण्यात असते. सूर कुठे लागतो हे कुणालाही ऐकू येतं, तो कुठे संपतो यावर मात्र ठेक्याचा उठाव ठरतो. ड्रमरचा पाय आणि बेसचा सूर एकदम पडले, आणि स्नेअरच्या फटक्याला बेस गप्प झाला, की उभे असलेले लोक आपोआप मान हलवू लागतात. हे जमायला वेगवान बोटं लागत नाहीत. एकमेकांना ओळखावं लागतं.

शरीराविषयी मोकळेपणाने लिहा, असं मी मुद्दाम सांगितलं होतं. बेसचं वजन चार किलोच्या आसपास असतं. पट्टा अरुंद असेल तर एका कार्यक्रमात खांदा भरून येतो. पहिल्या फ्रेटांवर बोटं ताणून बसवायच्या नादात डाव्या मनगटाचं दुखणं घेतलेले चौघे या पुस्तकात आहेत. प्रत्येक फ्रेटला एक बोट, हा गिटारचा नियम त्यांनी खाली तसाच्या तसा आणला होता. डबल बेसवाले खालच्या भागात पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात आणि हात हलवतात. लहान हातांना तेच सोयीचं. गणिताच्या बाईंनी ३० इंची आखूड बेस घेतला तेव्हा त्यांना तो लहान मुलांचा असल्याचं सांगण्यात आलं. मॅकार्टनीचा हॉफ्नरही ३० इंचीच आहे. बाईंचा लेख प्रत्येक नवशिक्याने वाचावा. कोणता व्यायाम, किती वेळ, कोणतं दुखणं सोडून द्यायचं आणि कोणत्या दुखण्याला डॉक्टरकडे जायचं, हे इतक्या नेमकेपणाने मराठीत कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नव्हतं.

लोकलमधून बेस नेण्याविषयी तर वेगळं पुस्तक होईल. सकाळी विरारहून निघणाऱ्या गाडीत पाठीवर बेसची पिशवी घेऊन चढता येत नाही. मागेपुढे पाहून, लगेजच्या डब्यात कोळिणींच्या टोपल्यांशेजारी उभं राहून लोक तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅम रूमपर्यंत पोचतात. तिथे पहिला अर्धा तास वायरी आणि सूर जुळवण्यात जातो. उरलेल्या वेळात जे हाती लागतं, त्यासाठी ही माणसं आठवडाभर थांबतात.

राहुल राम यांचा उल्लेख इथे करायला हवा, जरी ते आता हौशी नाहीत. कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. घेऊन आलेला हा माणूस नर्मदेच्या खोऱ्यात आंदोलनात काम करत होता आणि त्याच काळात, १९९१ मध्ये, दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’मध्ये बेस वाजवू लागला. खोऱ्यात ऐकलेलं नर्मदेचं गाणं त्यांनी बँडमध्ये आणलं, आणि ‘मा रेवा’ म्हणून ते देशभर पोचलं. आपल्या नंदुरबारची गावं त्याच खोऱ्यातली. या पुस्तकातल्या तिघांनी बेस पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला तो या बँडमध्ये, कारण तिथे बेस गातो आणि तरी खाली राहतो.

लेखांतली नावं-गावं काही ठिकाणी लेखकांच्या इच्छेने काढली आहेत. भाषा ज्याची त्याची ठेवली. ग्रूव्ह, फ्रेट, अँप हे शब्द बदलायच्या फंदात मी पडलो नाही. एका मुद्द्यावर मात्र दोन लेख एकमेकांच्या थेट विरोधात आहेत. एकाचं म्हणणं, बेस काढून टाकलेल्या ध्वनिमुद्रणांबरोबर रोज सराव करावा, त्याशिवाय हात बसत नाही. दुसरीचं म्हणणं, यंत्र तुमच्यासाठी कधी थांबत नाही आणि कधी घाईही करत नाही, त्यामुळे त्याच्याबरोबर शिकलेला माणूस माणसांबरोबर वाजवताना गोंधळतो. सरावासाठी मी पहिल्याचं ऐकेन, पण आठवड्यातून एकदा तरी दुसरीच्या बाजूने जाऊन कुणाच्या तरी घरी, अगदी एका ढोलकीवाल्याबरोबर का होईना, बसलंच पाहिजे असं मला वाटतं. दोन्ही लेख शेजारी-शेजारी छापले आहेत.

शेवटचा लेख बेसवाल्याचा नाही. तो एका ड्रमरचा आहे, आणि मी तो आग्रहाने लिहवून घेतला. बेसवाल्यांच्या सवयी त्याच्याइतक्या जवळून दुसऱ्या कुणाला दिसत नाहीत. पाय पेडलवर पडण्याच्या किंचित आधी सूर सोडण्याची खोड त्याने फार समजूतदारपणे उलगडून दाखवली आहे. सूर आधी का सुटतो, ते कानाला कसं कळतं, आणि सावकाश लयीत फक्त एका सुरावर बसून ती खोड कशी घालवायची, हे सगळं त्यात आहे. पुस्तक छपाईला जाण्याआधी तो लेख मी बाकीच्या लेखकांना वाचायला पाठवला. निम्म्या जणांनी आपली जुनी ध्वनिमुद्रणं काढून ऐकली, आणि काहींनी आपल्या लेखात त्यावर आणखी एक परिच्छेद जोडून पाठवला.